मागे राहिलेली गाडी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. एका राज्यात पाच वर्षं दुष्काळ पडला, तेव्हा राजाने दवंडी पिटवली की मावळतीला, मोठ्या माळापलीकडे नदीकाठची जमीन पडून आहे; जो जाऊन कसेल, त्याची ती होईल.

एका गावातली सतरा कुटुंबं निघाली. गाड्यांवर कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, कमानी बांधून त्यांनी वर जाड कांबळी ताणली. तीच आता त्यांची घरं. हैबती त्यांचा नाईक होता. माणूस मितभाषी, बैलांची पारख असलेला. त्याच्या शब्दावर लोक चालत.

पहाटे बैल जुंपायचे, ऊन चढलं की गाड्यांच्या सावलीत पडायचं, उतरलं की पुन्हा चालायचं. माळावर सरपण नव्हतं, म्हणून मुलं वाटेत शेण्या वेचत आणि बायका त्यांवर भाकरी भाजत. चाकं करकरू लागली की एरंडेल घालत. वाटेतच एक मूल जन्मलं, वाटेतच एका आजीला मूठमाती दिली. दोन्ही वेळा ताफा अर्धा दिवस थांबला, एवढंच.

तिसऱ्या महिन्यात चांगुणाच्या गाडीचं चाक फुटलं. चांगुणा विधवा होती. गाडीत तिचा आंधळा सासरा होता. त्याला चालवत नव्हतं, नीट बसवतही नव्हतं. सुताराने चाक पाहिलं. म्हणाला, "नवं करायला दोन दिवस लागतील."

पुढचं तळं दोन दिवसांवर होतं, आणि सोबतचं पाणी तीनच दिवस पुरणारं.

हैबतीने सगळ्यांना गोळा केलं. "गाडी इथेच सोडू. या दोघांना कोण आपल्या गाडीत घेईल? घेणाऱ्याला सामान उतरवावं लागेल."

प्रत्येकाने आपल्या गाडीकडे पाहिलं. कोणाचा विणायचा माग होता, कोणाची तांब्याची घंगाळं. हैबतीच्या गाडीत जुन्या घराची कोरीव चौकट होती. नव्या घराला ती बसवायची, असं त्याने ठरवलं होतं. कोणी बोललं नाही. तोही बोलला नाही.

शेवटी चांगुणाच म्हणाली, "तुम्ही पुढं व्हा, नाईक. तळ्यावर पोचलात की रिकामी गाडी पाठवा."

"पाठवतो," हैबती म्हणाला. तिच्या बैलांना पाणी पुरणार नव्हतं, म्हणून ते ताफ्याबरोबर घेतले. पाण्याचे दोन घडे ठेवून सोळा गाड्या निघाल्या. हैबतीने मागे वळून पाहिलं नाही.

तळं आलं. बैल पाणी प्यायले, माणसं न्हाली. गाडी परत कोणी न्यायची, हे मात्र कोणी विचारलं नाही. हैबतीने स्वतःला समजावलं, बैल थकलेत, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गाडीवान जू उचलताना कोसळला. अंग तव्यासारखं तापलं होतं. त्याच्या गाडीतली दोन्ही मुलंही फणफणली होती.

"ताप कधीपासून आहे?" हैबतीने विचारलं.

"चार दिवस झाले," त्याची बायको म्हणाली.

"मग बोलला का नाहीत? वैदूची गाडी तर तुमच्या पुढंच होती."

ती खाली बघत म्हणाली, "पहिले दोन दिवस वाटलं, उतरेल. मग चांगुणाचं पाहिलं. सांगितलं असतं, तर आम्हांलाही उतरवलं असतं, नाईक."

हैबती एकेका गाडीपाशी गेला. एकाने लंगडा बैल आतल्या बाजूला बांधून ठेवला होता. एकाच्या गाडीचा आस चिरला होता आणि वर चिंधी गुंडाळली होती. एका म्हाताऱ्याने सुजलेले पाय कांबळ्याखाली लपवले होते. या माणसांना आपलीच भीती वाटते, हे त्याला त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

तो आपल्या गाडीकडे आला. चौकट ओढून त्याने जमिनीवर टाकली, बाकीचं सामान उतरवलं आणि ताज्या दमाचे बैल जुंपून तो एकटाच उगवतीच्या वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पोचला. गाडीशेजारी दगडांची नवी रास होती. चांगुणा तिच्यापाशी बसली होती.

"मामंजी काल गेले," ती म्हणाली. "परवापासून त्यांनी पाणी घेतलं नाही. म्हणत होते, नाईक येणार आहेत, पण तोवर पाणी तुला पुरायला हवं."

एक घडा अजून अर्धा भरलेला होता. हैबतीने राशीवर एक दगड ठेवला.

"मी आलो, पण उशिरा आलो," एवढंच तो म्हणाला.

"हो," चांगुणा म्हणाली आणि त्याच्या गाडीत चढली.

तळ्यावर परतल्यावर हैबतीने सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक माझी. गाडीत जागा करता आली असती. मी केली नाही."

मग ज्याचा बैल लंगडा होता तो पुढे आला आणि आपलं सामान उतरवू लागला. त्याच्यामागून चिरलेल्या आसाचा मालक. तळ्याकाठी माग, घंगाळं, पेट्या यांचा ढीग लागला आणि आजारी माणसांना जागा झाली. पण तापातल्या दोन मुलांपैकी धाकटं वाचलं नाही.

ताफा नदीवर पोचला तेव्हा पेरणीचे दिवस उलटून गेले होते. पहिलं वर्ष त्यांनी कंदमुळांवर काढलं. मात्र तळ्यापासून नदीपर्यंत एकही गाडी मागे राहिली नाही, आणि कोणाला काही दुखलंखुपलं तर ते त्याच दिवशी सगळ्यांना कळत होतं.

तात्पर्य: जिथे एका दुबळ्याला वाटेत टाकलं जातं, तिथे प्रत्येक जण आपलं दुखणं लपवू लागतो, आणि लपवलेलं दुखणं सगळ्यांना भोवतं.