चाळीस माणसांची उसळ

आमच्या गावात एक भोळी बाई राहते. उगाच दुसऱ्या कुणाचं नाव कशाला घ्यायचं, ती मीच.

मला काळजी फार. काळजी लागली की डोकं बंद पडतं आणि कानात शेवटी ऐकलेलं तेवढं उरतं. मग मी तेच करते. जिथं करायचं तिथं सोडून भलतीकडंच करते.

माझ्या शर्वरीचा पहिला वाढदिवस होता. संध्याकाळी परगावचे चाळीस पाहुणे जेवायला येणार होते. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. म्हणून भाऊजी म्हणाले, "आचारी सांगू या."

आत्या म्हणाल्या, "कशाला? मटकीची उसळ, भाकरी, भात, पापड. स्वस्तात होतं आणि आदल्या दिवसापासून तयारी करता येते. वनिता करील." मग माझ्याकडे वळल्या. "पाहुणे पोटभर जेवले तर इथून पुढं घरातलं प्रत्येक कार्य तुझ्या हातचं. नाहीतर बस जन्मभर कांदे सोलत."

मला लगेच घाम फुटला.

आदल्या दिवशी आत्यांनी मटकीचं सांगितलं. "भिजवायची, ओल्या फडक्यात घट्ट बांधायची, उबेला ठेवायची." मी तसंच केलं. सकाळी हे एवढाले मोड! मी खूश. सोबत तांदळाचंही गाठोडं बांधून ठेवलं होतं, तेही सोडलं. आंबूस वासानं मांजर घराबाहेर गेलं.

"अगं वने, तांदळाला कुठं मोड येतात?"

"आले नाहीत खरे. अजून दोन दिवस ठेवू का?"

आत्यांनी डाव्या हातानं कपाळ धरलं. "भाताचं राहू दे आता. आणि लक्षात ठेव, कोरडं सामान ओलं करायचं नाही. सुपात पसरायचं, ऊन दाखवायचं."

"बरं आत्या."

मी कोथिंबिरीच्या सहा जुड्या सुपात पसरल्या आणि गच्चीवर ठेवल्या. चांगलं कडक ऊन दाखवलं. दोन तासांनी सूप खाली आणलं तर आत शेळीपुढं टाकावा असा पाला.

आत्या म्हणाल्या, "कोथिंबीर उन्हात घालतात होय? ओल्या फडक्यात गुंडाळायची. वरून पाणी शिंपडत राहायचं."

"बरं आत्या."

मी पापड ओल्या फडक्यात गुंडाळले. मधूनमधून पाणी शिंपडत राहिले. अगदी न विसरता. दुपारी बघितलं तर पापड नव्हतेच, उडदाचा एकच मोठा गोळा होता.

"पापड गेले?" आत्यांनी विचारलं.

"गेले नाहीत. एकत्र झाले."

आत्यांनी गोळा डाव्या हातानं उचलून बघितला. मग म्हणाल्या, "डब्यात भरायचे असतात ग बाई. झाकण घट्ट लावायचं. वारा लागू द्यायचा नाही."

"बरं आत्या."

आता उरली उसळ आणि भाकरी. सगळी भिस्त त्यांच्यावर. उसळ चुलीवर चढवली आणि भाकरी थापायला बसले. तव्यावरून भाकरी निघाली की गरमागरम डब्यात, वर घट्ट झाकण. वीस भाकरी झाल्या आणि आत्यांनी झाकण उघडलं. डब्यात भाकरींनाही घाम फुटला होता. खालच्या तर चमच्यानं काढाव्या लागल्या.

पण आत्या रागावल्या नाहीत. बहुतेक राग संपला होता. म्हणाल्या, "आणि चाळीस माणसांच्या भाकरी एकटी का थापत बसलीस? आपल्याकडं कार्य असलं की काय करतात? गल्लीत घरोघर पीठ द्यायचं. बाया भाकरी करून आणून देतात. एकटीला झेपत नाही ते घरोघर वाटून द्यायचं असतं, वने."

"बरं आत्या."

मी अकरा घरी पीठ देऊन आले. आत्या शर्वरीला नवं झबलं घालायला आतल्या खोलीत गेल्या.

मी पातेल्यावरचं झाकण काढलं. काय सांगू, उसळ अशी जमली होती की माझाच विश्वास बसेना. तर्री वर आलेली, मटकी अख्खी. आता पातेलं उतरवायचं होतं. दोन्ही कान धरून ओढलं. हलेना. पुन्हा ओढलं. हलेना.

एकटीला झेपत नव्हतं.

मी अकरा भांडी काढली.

शेजारच्या हौसाकाकू आपल्या दारात म्हणाल्या, "अगं, आत्ताच? आणि एवढी?"

"असू द्या काकू. वाटूनच द्यायची असते."

शेवटचं भांडं देऊन आले आणि पातेलं एका हातानं उतरवलं. फुलासारखं हलकं.

दिवेलागणीला पाहुणे आले. ओवाळणं झालं. पंगत बसली. पत्रावळीवर मीठ आणि लिंबाची फोड वाढून झाली. चाळीस माणसं लिंबाकडं बघत बसली.

"वने, उसळ आण," आत्या म्हणाल्या.

"वाटून दिली."

"कुणाला?"

"घरोघर. मला एकटीला झेपेना."

आत्यांनी जाऊन पातेल्यात डोकावून बघितलं. भाऊजी हळूच म्हणाले, "निदान भाकरी तरी येऊ देत." तेवढ्यात हौसाकाकू आल्याच. मागं गल्लीतल्या बाया. प्रत्येकीच्या हातात आमचं घासूनपुसून लख्ख केलेलं भांडं.

"वने, काय उसळ केलीस ग! आमच्या ह्यांनी चार वेळा मागून घेतली. भाकरी कधी संपल्या कळलंच नाही. अजून थोडं पीठ असलं तर दे."

पंगतीत कुणी हाललं नाही.

मी आत्यांच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "बघितलंत? उसळीला कुणी नाव ठेवलं नाही."