आई हसेना, लाडू फुटेना

एक होती मुंगी. काळी. एवढुशी. नाव तिचं टिंगी.

टिंगी राहायची पाळण्याखाली, फरशीच्या फटीत. पाळण्यात नवं नवं बाळ. पाळण्याशेजारी बाळाची आई. आईच्या हातात अळिवाचा लाडू.

रोज दुपारी समोरच्या घरातली प्राजूमावशी यायची. मावशी काहीतरी बोलायची. आई खो खो हसायची. हसता हसता लाडू फुटायचा. फट्! एक कण खाली पडायचा. तो टिंगीचा.

मग प्राजूमावशीलाही बाळ झालं.

आजी म्हणाली, "आता येणं-जाणं बंद! दोन बाळंतिणींनी एकमेकींचं तोंड बघायचं नसतं."

"का?" आईने विचारलं.

"नसतं म्हणजे नसतं!"

आजी मोठी होती. मोठी माणसंही चुकतात. आणि चुकली की ओरडतात.

दाराला कडी लागली. खट्!

आता आई हसेना. नुसती भिंतीकडे बघत बसे. बाळ रडे, ट्यँहा ट्यँहा! लाडू वाटीत तसाच. कण नाही की काही नाही. टिंगीच्या पोटात गुर्र गुर्र.

टिंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. लाडवाकडे गेली.

"लाडवा, लाडवा, फूट ना! माझं पोट भरेना!"

लाडू म्हणाला, "आई हसल्याशिवाय मी नाही फुटणार."

तुरुतुरु तुरुतुरु. टिंगी आईकडे गेली.

"आई, आई, हास ना! लाडू फुटेना, माझं पोट भरेना!"

आई म्हणाली, "प्राजू आल्याशिवाय मी नाही गं हसणार."

दाराला कडी होती. पण दाराखाली फट होती. टिंगी सुळ्ळकन् बाहेर! तुरुतुरु तुरुतुरु. समोरच्या घरी गेली. तिथेही बाळ रडत होतं, ट्यँहा ट्यँहा! मावशीचेही डोळे लाल लाल.

"मावशी, मावशी, ये ना! आई हसेना, लाडू फुटेना, माझं पोट भरेना!"

मावशी म्हणाली, "तुमचं दार उघडल्याशिवाय मी नाही येणार."

तुरुतुरु तुरुतुरु. टिंगी दाराकडे आली.

"दारा, दारा, उघड ना! मावशी येईना, आई हसेना, लाडू फुटेना, माझं पोट भरेना!"

दार म्हणालं, "बाबा उठून कडी काढल्याशिवाय मी नाही उघडणार."

बाबा बसला होता खुर्चीत. हातात मोबाइल. टुंग टुंग, टुंग टुंग.

"बाबा, बाबा, ऊठ ना! दार उघडेना, मावशी येईना, आई हसेना, लाडू फुटेना, माझं पोट भरेना!"

बाबा हळूच म्हणाला, "आजीने ऐकल्याशिवाय मी नाही उठणार."

आजीला घाबरायचा. दाढी आली तरी!

तुरुतुरु तुरुतुरु. टिंगी आजीकडे गेली.

"आजी, आजी, ऐक ना! बाबा उठेना, दार उघडेना, मावशी येईना, आई हसेना, लाडू फुटेना, माझं पोट भरेना!"

आजी म्हणाली, "माझ्या सासूबाईंचा नियम आहे. त्या बोलल्याशिवाय मी नाही ऐकणार."

"कुठंयत सासूबाई?"

आजीने बोट दाखवलं. वर, भिंतीवर. सासूबाईंचा फोटो! फोटोला हार.

टिंगी चढली भिंत. चढली, चढली, चढली.

"फोटो, फोटो, बोल ना! आजी ऐकेना, बाबा उठेना, दार उघडेना, मावशी येईना, आई हसेना, लाडू फुटेना, माझं पोट भरेना!"

फोटो गप्प.

टिंगी अजून मोठ्याने ओरडली. फोटो गप्पच. फोटो कसा बोलणार?

टिंगी उतरली. थेट आजीच्या गुडघ्यावर.

"आजी, फोटो बोलेना! आता मला सांग, तुझं बाळ रडायचं, तेव्हा तुझ्याकडे कोण यायचं?"

"कोणी नाही," आजी म्हणाली.

"मग तू हसायचीस?"

"नाही."

"आणि तुझा लाडू?"

आजीने वाटीतल्या लाडवाकडे पाहिलं. मग म्हणाली, "डब्यातच राहिला. बुरशी आली त्याला."

इकडून ट्यँहा! समोरून ट्यँहा!

"अरे, बसलायस काय मठ्ठासारखा!" आजी बाबावर ओरडली. "ऊठ, काढ कडी! आणि प्राजूला सांग, बाळाला टोपरं घालून आण!"

आजीने ऐकलं, बाबा उठला. एकदाचा!
बाबा उठला, कडी निघाली. खट्!
कडी निघाली, दार उघडलं. कर्रर्र!
दार उघडलं, मावशी आली. काखेत बाळ, बाळाला टोपरं.

"अगं प्राजू, तुझा गाऊन उलटा!"

"आणि तुझ्या केसांत लंगोटाची नाडी!"

आई हसली. खो खो खो!
मावशी हसली. खी खी खी!
गोधडीवर दोन बाळं शेजारी शेजारी. याचा पाय त्याच्या पोटावर. ट्यँहा बंद!

आई हसली आणि लाडू फुटला. फट्!

कण पडला. टिंगीएवढा? छे! टिंगीहून मोठ्ठा!

अर्धा लाडू आईने खाल्ला. अर्धा मावशीने खाल्ला. मग आईने डब्यातून अजून एक काढला आणि आजीच्या हातावर ठेवला.

आजीने खाल्ला. सगळा.

टिंगीचं पोट भरलं, गोष्टीचं पोट भरलं. दार मात्र लावायचं नाही हं, उद्या मावशी येणार आहे!