टिटवीचा उंबरा

एक होता उघडा माळ, आणि त्या माळावर राहायचे एक टिटवा नि एक टिटवी. टिटवीनं खड्यांच्या मधोमध चार अंडी घातली. खाली ना काडी, ना कापूस. अंडीही खड्यांसारखीच करडी, ठिपक्याठिपक्यांची.

शेजारच्या बाभळीच्या ढोलीत साळुंकी राहायची. ती रोज टोचायची, "अगं बाई, लेकरांना असं वाटेवर टाकतात का? आई आहेस की कोण?"

टिटवी मान ताठ करून म्हणायची, "माझं घर मला दिसतं, साळुंकीबाई. तेवढं पुरे."

एक दिवस घोरपड आली. ढोलीतून लोंबणाऱ्या काड्या बघून सरळ बाभळीवर चढू लागली. साळुंकी ओरडली, "माझी अंडी नको गं! तिकडं माळावर टिटवीची चार आहेत, उघड्यावर!"

टिटवीनं ते ऐकलं. ती अंड्यांपासून लांब जाऊन उभी राहिली, तिकडं ढुंकूनही बघितलं नाही. घोरपड खाली उतरून माळावर आली नि अंड्यांना शेपटी घासून गेली. "कुठायत? इथं तर नुसते खडे!" म्हणत ती चिडून पुन्हा बाभळीकडं वळली.

तेव्हा टिटवी पंख मोडल्यागत फरफटत तिच्यापुढं गेली. आयती शिकार बघून घोरपड मागं लागली. पार ओढ्यापलीकडं नेऊन टिटवी भुर्रकन उडाली.

परत आली तर साळुंकी माळावर मान खाली घालून उभी. "बाई, तू अंड्यांवर बसलेली असलीस की कळतं. आता मलाही तुझी अंडी सापडेनात."

"पाय जपून टाक," टिटवी म्हणाली. "तू माझ्या उंबऱ्यातच उभी आहेस."

त्यानंतर आठव्या दिवशी त्या खड्यांतले चार तडकले, आणि टिटवा-टिटवीच्या मागं चार पिलं माळभर धावू लागली.