कालची कणीक

एकदा एका संस्थानाच्या कारभाऱ्याने निवृत्त होताच पखवाज शिकण्याचा निश्चय केला. त्याची पत्नी रोज सायंकाळी देवापुढे भजन म्हणत असे. "अहो, एकदा तरी माझ्या साथीला बसा ना," असे ती तरुणपणापासून म्हणे, आणि हा "पुढच्या वर्षी नक्की" म्हणून राजवाड्याची वाट धरी. आता सवड मिळाली, तर तिचा दम कमी पडू लागला होता. वरचा स्वर अर्ध्यावरच तुटे.

गाव हसायचे ते हसलेच. "साठी बुद्धी नाठी! आयुष्यभर शिक्के मारले, आता थापा मारणार!" कारभाऱ्याने तिकडे कानाडोळा केला आणि वृद्ध पखवाजीबुवांचा उंबरा गाठला.

पखवाजाच्या डाव्या कातडी पुडीला ओली कणीक थापल्याखेरीज त्यातून गंभीर नाद निघत नाही. म्हणून बुवांनी पहिला धडा दिला तो कणकेचा. कधी ती सैल होई, कधी घट्ट, कधी जाड बसे. शिष्य चिकाटीचा. अखेर एका सकाळी थाप पडली आणि असा नाद घुमला, की तो स्वतःच दचकला.

"जमलं, बुवा!"

"वा!" असे म्हणून बुवांनी सगळी कणीक खरवडली आणि दारातल्या गाईला घातली. "आता उद्या या."

कारभारी मनातून भडकला. जमलेले काम मोडायचे, ही कुठली रीत? त्याचा एक हुकूम वर्षानुवर्षे चाले! घरी जाऊन त्याने आपल्या पखवाजाला तशीच कणीक लावली, वाजवून खात्री केली आणि मुद्दाम काढली नाही. दुसऱ्या सायंकाळी तो ऐटीत पत्नीच्या साथीला बसला. तिने भजन उचलले, त्याने थाप मारली, आणि आवाज आला तो बद्द! कणीक वाळून भेगाळली होती, पुडी आखडली होती. ती गाता गाता थांबली. त्या रात्री त्याला जेवण गेले नाही.

सकाळी तो बुवांपुढे उभा राहिला. "झाला तेवढा तमाशा पुरे. तुमचा जन्म यात गेला, बुवा. मला फार उशीर झाला."

बुवांनी परात पुढे ओढली. "कारभारी, इकडे बघा. माझा जन्म यात गेला, तरी ही कणीक मी आत्ताच मळतोय. कालचा नाद कालच्या पिठाबरोबर गेला, तुमचाही आणि माझाही. अधिकार एकदा मिळाला की पुरतो. विद्या रोज नव्याने मागावी लागते. माझा हात जुना आहे, हे खरं. तुमचाही होईल, नाहीतर होणार नाही. पण आजचा आरंभ दोघांचा आजचाच. त्याला उशीर कसला? घ्या पीठ."

कारभाऱ्याने बाह्या सरसावल्या.

पुडी नवी चढवली. ऋतू पालटला. एका सायंकाळी तो पुन्हा पत्नीशेजारी बसला. ठेका साधाच होता. वरच्या स्वरावर तिचा दम तुटला, पण त्याने थाप सोडली नाही. त्या थापेच्या आधाराने तिने श्वास घेतला आणि पद पुरे केले. दोघांचे डोळे भरून आले.

मग त्याने पखवाज मांडीवर उभा घेतला आणि शांतपणे कणीक खरवडू लागला.

ती पाहत राहिली. म्हणाली, "अहो, उद्या जरा लवकर बसू या."