टॅन्सलीसाहेबांची मिरवणूक

इंग्लंडातल्या एका खेड्यात टॅन्सलीसाहेब नावाचे एक गृहस्थ लंडनहून राहायला आले. महायुद्ध नुकतेच संपले होते. गावच्या चर्चची जत्रा सहा वर्षांनी पुन्हा भरत होती, आणि मिरवणुकीच्या पुढे चालण्याचा मान साहेबांना मिळाला. जत्रेसाठी चर्चमध्ये आलेले बिशप, म्हणजे मोठे धर्मगुरू, चार वाजता परत जाणार होते. त्याआधी मिरवणूक चर्चपाशी पोहोचली नाही तर पुढच्या वर्षी हा मान दुसऱ्याकडे जाणार, हे साहेबांना पक्के ठाऊक होते. रस्ता तेवढा ठाऊक नव्हता!

पण विचारायचे कसे? पुढे चालणारानेच वाट विचारली तर लोक हसतील. पाट्या आहेत की, असे म्हणून साहेब निघाले. आता गंमत अशी, की शत्रू उतरलाच तर त्याला वाट सापडू नये म्हणून गावकऱ्यांनी युद्धात चौकातल्या पाट्या उपटून ठेवल्या होत्या, आणि नंतर हाताला येतील तशा परत रोवल्या होत्या. गावाला वाटा पाठ. पाटी वाचतो कोण?

धुके दाट होते, दोन्ही बाजूंना उंच कुंपणे. साहेब पाटीबरहुकूम उजवीकडे वळले, पुन्हा पुन्हा उजवीकडेच वळले, आणि पाहतात तो काय, चौकात दुसरीच मिरवणूक! हे कुठले लोक? आपल्याआधी बिशपांपुढे जाणार? साहेबांनी झपाझप पावले उचलली. समोरचेही झपाझप चालू लागले. साहेब थांबले. जरा वेळाने तेही थांबले. साहेबांना काही केल्या उलगडा होईना.

तेवढ्यात समोरच्या शेवटच्या गाडीतल्या म्हाताऱ्या हॉजेसबाई मागे वळल्या. त्या तर आपल्याच गावच्या! एका शेताला वेढा घालून आपण आपल्याच मिरवणुकीची शेपटी गाठली आहे, हे तेव्हा कुठे साहेबांना उमगले. पावणेचार झाले होते. "मुद्दामच फेरी घातली" असे अजूनही म्हणता आले असते. साहेबांना रडू यायचे तेवढे बाकी होते. त्यांनी टोपी काढली.

"बाई, मी वाट चुकलोय. चर्च कुठे आहे?"

"इथून डावीकडे, हाकेच्या अंतरावर," बाई म्हणाल्या. "तुम्ही उजवीकडे वळलात. आम्हाला वाटलं, साहेबांच्या मनात काही मोठा बेत असेल!"

"मग आता तुम्हीच पुढे व्हा."

बाईंनी गाडी वळवली. शेपटीचे तोंड झाले, आणि चाराला पाच मिनिटे असताना मिरवणूक चर्चपाशी पोहोचली. टॅन्सलीसाहेब सर्वांत शेवटी आले. गावकरी हसले खरे, पण सरकून त्यांना आपल्यात जागाही करून दिली.

तात्पर्य: वाट ठाऊक नसण्यात कमीपणा नाही, पण पुढे चालणारा लाजेपोटी विचारत नाही, तेव्हा सारा गाव त्याच्यामागे गोल फिरतो.