करालकेतूचा पट

एका राज्यात करालकेतू नावाचा मायावी राहत असे. त्याच्याजवळ बुद्धिबळाचा शापित पट होता. त्याच्याशी खेळून जो हरे, तो हस्तिदंताचा मोहरा होऊन पटावर उभा राही. राजा धृतवर्मा सैन्यासह गेला, हरला आणि वजीर होऊन राहिला; त्याचे सैन्यही मोहरे झाले.

तेव्हा त्याची कन्या इंदुलेखा, खांद्यावर बोलकी साळुंकी घेऊन, मायावीच्या गुहेत आली.

"माझे वडील मला परत हवेत."

"बापाचेच सैन्य घेऊन तीन डाव खेळ," करालकेतू म्हणाला. "शेवटचा जिंकलीस तर सारे सुटतील. मात्र त्या डावात मारला गेलेला मोहरा अग्निकुंडात पडेल. हरलीस, तर त्याची राख होईल आणि तूही पटावर येशील."

पहिल्या डावात इंदुलेखा त्वेषाने तुटून पडली आणि हरली. तिचे पाय गुडघ्यापर्यंत हस्तिदंती झाले.

साळुंकी म्हणाली, "तू आपल्याच खेळी पाहतेस. पाळी त्याची असेल, तेव्हा मनाने त्याच्या जागी बस."

दुसऱ्या डावात ती तशी बसली. त्याची हाव तिला दिसली, त्याची भीतीही दिसली. डाव बरोबरीत सुटला.

तिसरा डाव अडला. जिंकायची वाट एकच होती, आणि त्या वाटेवर वजीर द्यावा लागणार होता. तिचा हात वजिरापर्यंत जाऊन मागे आला.

तोच मोहरा बोलला, "इंदू, मला पुढे कर."

"बाबा, माझा हिशेब चुकला तर?"

"चुकला तर चुकला. पाळी तुझी आहे, खेळ!"

तिने डोळे पुसले आणि वजीर पुढे सरकवला. मायावी हसला. त्याच्या हत्तीने झेप घेऊन वजीर मारला. राजा धृतवर्मा ज्वाळांत पडला. पण हत्ती राखत होता ते घर आता उघडे पडले होते. इंदुलेखेचा घोडा अडीच घरे उडाला.

"शह," ती म्हणाली. "आणि मात!"

पट दुभंगला. कुंड विझले, त्यातून राजा चालत बाहेर आला. मागोमाग घोडे खिंकाळले, हत्तींनी सोंडा उंचावल्या, सैनिकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. इंदुलेखा आपल्या पायांनी धावत वडिलांच्या गळ्यात पडली.

करालकेतू गुडघ्यांवर आला. "राजकन्ये, शिक्षा सांग."

इंदुलेखेने जमिनीवर कोळशाने चौसष्ट घरे आखली. मोहऱ्यांच्या जागी खडे मांडले.

"बैस समोर. आता पणाला काही लावायचे नाही," ती म्हणाली. "पहिली खेळी तुझी."

सारे सैन्य घरची वाट विसरले आणि डाव पाहायला भोवती दाटीने बसले.