डोहाकाठची धूरभट्टी

नदीला अजून कुणी नावही दिलं नव्हतं, तेव्हा एका डोहाकाठी एक पाणमांजर राहत होतं. पावसाळ्यासाठी मासे धुरावर सुकवायला त्यानं मातीची भट्टी बांधायला घेतली. शेजाऱ्याच्या भट्टीत दहा मासे मावत. याला शंभर मासे मावणारी हवी होती.

"बाळा, एवढी माती कुठून काढतोस?" खेकडेआजीनं विचारलं.

"डोहाच्या बांधातून. जवळ पडते. आजी, तुम्ही आपल्या नांग्या सांभाळा!"

भट्टी हत्तीएवढी उभी राहिली. जाळ पेटवून, धूर करून पाणमांजर ऐटीत मासे आणायला वळलं आणि बघतं तर काय! पोखरलेला बांध फुटला होता. डोहात नुसता चिखल.

ते चिखलात उतरून चाचपू लागलं. "आ... आजी, मासे?"

"पाण्याबरोबर गेले, बाळा. भट्टी मात्र झकास पेटली हो!"